पर्यावरणीय कुझनेट्स वक्र (कार्बन उत्सर्जनाच्या संदर्भात)

दरडोई उत्पन्न वाढतं तसं प्रदूषण आधी वाढतं, एका टप्प्याला थांबतं आणि मग उतरायला लागतं, म्हणजे आलेख उलट्या यू सारखा दिसतो, या मांडणीला पर्यावरणीय कुझनेट्स वक्र म्हणतात.

नाव अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांचं, पण त्यांचा १९५५ चा लेख उत्पन्नातल्या विषमतेवर होता, प्रदूषणाचा त्यात विषयच नाही. प्रदूषणाशी जोड पहिल्यांदा कुणी लावली यावर एकमत नाही. बरेच जण जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रुगर यांचा उत्तर अमेरिकेतल्या मुक्त व्यापार करारावरचा १९९१ चा अभ्यास धरतात, जागतिक बँकेच्या १९९२ च्या विकास अहवालासाठी शफीक आणि बंदोपाध्याय यांनी केलेलं काम त्याच सुमाराचं, आणि नाव रूढ होण्याचं श्रेय सहसा थिओडोर पानायोटू यांच्या १९९३ च्या लेखनाला देतात. एकाच कुणाला जनक ठरवण्यापेक्षा ही कल्पना त्या दोन-तीन वर्षांत दोन-तीन ठिकाणी आकाराला आली असं मानणं जास्त बरोबर वाटतं.

खरा वाद कार्बनचा आहे. धूर आणि सल्फर डायऑक्साइड तिथल्या तिथं त्रास देतात, लोक खोकतात, तक्रारी होतात, चिमणीवर यंत्रणा बसते, त्यामुळं तिथं वक्र बऱ्यापैकी जुळतो. कार्बन डायऑक्साइडला ना रंग ना वास, आणि त्याचा भार सगळ्या जगावर पडतो. होल्ट्झ-ईकिन आणि सेल्डन यांच्या १९९५ च्या लेखात कार्बनचा वळणबिंदू, म्हणजे उत्सर्जन उतरायला लागतं तो टप्पा, इतक्या वरच्या उत्पन्नावर निघाला की प्रत्यक्षात त्याचा आधार घेणं अवघड. डेव्हिड स्टर्न यांनी २००४ मध्ये या वक्राचा एकूण संख्याशास्त्रीय पायाच कच्चा असल्याचं दाखवलं, आणि कार्बनपुरतं तरी त्यांचंच म्हणणं पटतं.

योइची काया यांचं समीकरण इथं जास्त कामाला येतं: लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या एककामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेच्या एककामागे निघणारा कार्बन, या चौघांचा गुणाकार म्हणजे उत्सर्जन. समजा वर्षात लोकसंख्या १ टक्का वाढली, उत्पन्न ३ टक्के वाढलं, उत्पन्नाच्या एककामागे ऊर्जा २ टक्के कमी लागली, ऊर्जेच्या एककामागे कार्बन १ टक्का घटला, तरी उत्सर्जन जवळपास १ टक्का वाढतंच. नुसती कार्यक्षमता पुरत नाही ती अशी.

आर्थिक वाढीमुळं ऊर्जा लागते की ऊर्जेमुळं वाढ होते हा प्रश्न क्राफ्ट आणि क्राफ्ट यांच्या १९७८ च्या लेखापासून चालू आहे. त्यांना अमेरिकेत उत्पन्नाकडून ऊर्जेकडं दिशा दिसली, म्हणजे आधी उत्पन्न वाढतं आणि मग ऊर्जा लागते, पुढं देश, काळ आणि पद्धत बदलली की उत्तरं बदलत गेली.

शहरीकरणाबद्दल चित्र संमिश्र. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या अंदाजानं २०२० मध्ये ६७ ते ७२ टक्के उत्सर्जन शहरांशी जोडलेलं होतं. सिमेंट बनवताना चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून नवं शहर उभं राहताना उत्सर्जन चढतं. मात्र दाट वस्तीत माणशी पेट्रोल कमी जळतं, हे न्यूमन आणि केनवर्दी यांनी १९८९ मध्ये मांडलं.

ब्रिटनचं देशांतर्गत उत्सर्जन १९९० पासून जवळपास निम्म्यावर आलं आणि तिथलं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झालं. पण ही घट उत्पन्नानं आपोआप आणली नाही, गॅस, पवनऊर्जा आणि कायदे यांनी आणली, शिवाय आयात मालामागचं उत्सर्जन मोजलं तर ती बरीच कमी भरते.