बेला गुटमान
गुटमान, बेला : (२७ जानेवारी १८९९ – २८ ऑगस्ट १९८१). हंगेरीचे फुटबॉलपटू व प्रशिक्षक. आज त्यांचे नाव निघते ते बहुधा लिस्बनच्या बेनफिका क्लबला त्यांनी दिलेल्या तथाकथित शापामुळे. हे थोडे अन्यायाचेच आहे. कारण डझनभर देशांत संघ घडवलेल्या या माणसाची खरी खासियत म्हणजे कुठून कधी उठायचे, हे त्यांना कळत होते.

बुडापेस्टच्या ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईवडील नृत्यशिक्षक होते आणि बेलांनीही विशीच्या आत नृत्य शिकवण्याचा परवाना मिळवला होता. मैदानावर ते सेंटर हाफला, म्हणजे मधल्या फळीत खेळत. बुडापेस्टच्या एमटीके संघाकडून त्यांनी राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. हंगेरीत ज्यूद्वेष वाढू लागल्यावर १९२२ मध्ये ते व्हिएन्नाच्या हाकोआह या ज्यू क्लबकडे गेले. या संघाने १९२५ मध्ये ऑस्ट्रियाची साखळी स्पर्धा जिंकली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या पथकात अधिकाऱ्यांचीच गर्दी झाली होती. खेळाडूंना गोंगाटाच्या हॉटेलात उतरवल्याच्या रागातून गुटमान यांनी अधिकाऱ्यांच्या दारांवर मेलेले उंदीर टांगले, असे सांगतात. पुढे ते राष्ट्रीय संघात दिसले नाहीत. १९२६ च्या अमेरिका दौऱ्यानंतर ते न्यूयॉर्कला खेळू लागले, पैसाही कमावला. १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत तो बुडाला.

प्रशिक्षक म्हणून सुरुवात हाकोआहमध्येच झाली. त्यानंतर नेदरलँड्समध्ये काम करून ते मायदेशी परतले आणि १९३९ मध्ये त्यांच्या उयपेश्त संघाने हंगेरीची साखळी व मध्य युरोपातील क्लबांचा मित्रोपा करंडक एकाच वर्षी जिंकला. मग महायुद्ध आले. काही काळ ते माळ्यावर लपून राहिले. पुढे सक्तमजुरीच्या छावणीत डांबले गेले आणि १९४४ च्या अखेरीस तिथून निसटले. त्यांच्यासोबत पळालेल्यांत एर्नो एर्ब्स्टाइन होते. इटलीतील तोरिनोचा विख्यात संघ एर्ब्स्टाइन यांच्याच हाताखाली खेळला. गुटमान यांचे वडील व बहीण मात्र नाझींच्या ज्यू हत्याकांडात बळी पडले. या वर्षांबद्दल ते स्वतः फारसे बोलत नसत.

युद्धानंतर बुखारेस्टमध्ये अन्नटंचाई असताना त्यांनी पगार भाजीपाल्याच्या रूपात घेतला. बुडापेस्टच्या किशपेश्त संघात पुढे जगभर गाजलेल्या तरुण फेरेन्ट्स पुश्काशशी त्यांचे बिनसले. मध्यंतरात गुटमान यांनी एका बचावपटूला बाहेर बसायला सांगितले. उत्तरार्धात दहाच खेळाडू राहिले तरी त्यांना चालणार होते. पुश्काशने त्याला मैदानातच थांबायला सांगितले. गुटमान उठले, प्रेक्षकांत जाऊन बसले, घोड्यांच्या शर्यतीचे वृत्तपत्र वाचू लागले आणि सामना संपल्यावर नोकरी सोडून निघून गेले.

इटलीच्या मिलान क्लबने १९५५ मध्ये त्यांना काढले तेव्हा संघ साखळीत अव्वल होता. त्यानंतर, संघ पहिल्या क्रमांकावर असताना प्रशिक्षकाला काढता येणार नाही, असे कलम ते करारात घालून घेत, असे म्हणतात. १९५७ मध्ये हंगेरीच्या होन्वेद संघासोबत ते ब्राझीलला गेले आणि साओ पाउलो क्लबचे प्रशिक्षक म्हणून तिथेच राहिले. ब्राझीलचा मुरलेला खेळाडू झिझिन्यो याला हाताशी धरून त्याच वर्षी त्यांनी राज्य अजिंक्यपद पटकावले. ४-२-४ (चार बचावपटू, दोन मधले खेळाडू, चार आक्रमक) ही मांडणी ब्राझीलमध्ये रुजवण्याचे श्रेय त्यांना एकट्याला देता येत नाही, पण त्यात त्यांचा वाटा होता.

पोर्तुगालमध्ये त्यांनी १९५९ मध्ये पोर्तोला विजेतेपद मिळवून दिले, तेही बेनफिकाला केवळ गोलफरकाने मागे टाकून. लगेच ते बेनफिकाकडेच गेले. मोझांबिकमधील युसेबियो नावाच्या पोराची माहिती त्यांना लिस्बनच्या न्हाव्याच्या दुकानात, साओ पाउलोचा जुना खेळाडू बाउएर याच्याकडून कळली, ही कथा प्रसिद्ध आहे. युरोपातील विजेत्या क्लबांच्या युरोपियन करंडकाचा १९६१ चा अंतिम सामना बेनफिका आणि बार्सिलोना यांच्यात स्वित्झर्लंडमधील बर्नमध्ये झाला. सात वर्षांपूर्वी याच मैदानावर हंगेरी विश्वचषकाचा अंतिम सामना ३-२ ने हरली होती. त्या संघातले कोचिश आणि त्सिबोर या वेळी बार्सिलोनाकडून खेळले, दोघांनीही गोल केले आणि पुन्हा ३-२ नेच हरले. पुढच्या वर्षी अॅम्स्टरडॅममध्ये पुश्काशने पूर्वार्धातच तीन गोल मारूनही बेनफिकाने रेआल माद्रिदला ५-३ असे नमवले. शेवटचे दोन गोल युसेबियोचे.

तिसरे वर्ष प्रशिक्षकाला घातक असते, असे गुटमान यांचे मत होते. १९६२ मध्ये त्यांनी जादा मोबदला मागितला, तो नाकारला गेला आणि ते पेन्यारोल क्लबसाठी उरुग्वेला निघून गेले. शंभर वर्षे बेनफिकाला युरोपचा करंडक मिळणार नाही, असे ते जाताना म्हणाल्याची आख्यायिका आहे. मात्र १९६५ मध्ये ते स्वतःच तिथे परतले, हे शापाची गोष्ट सांगणारे सहसा विसरतात. बेनफिकाने १९६३ ते २०१४ या काळात युरोपियन स्पर्धांचे आठ अंतिम सामने गमावले. १९९० चा त्यांपैकी एक सामना व्हिएन्नात होता. त्याआधी युसेबियोने तिथल्या ज्यू दफनभूमीत गुटमान यांच्या कबरीवर जाऊन प्रार्थना केल्याचे सांगितले जाते. बेनफिकाच्या स्टेडियमबाहेर आता त्यांचा पुतळा आहे, दोन्ही हातांत एकेक करंडक घेतलेला.