सतराव्या शतकाच्या शेवटी लंडनमधला कवितेचा धंदा

१६६० ते १७०० च्या लंडनमधे कविता छापून कवीचं पोट भरायचं नाही. रॉयल्टी ही भानगडच नव्हती. पुस्तकाचा हक्क लिहिणाऱ्याचा नसून स्टेशनर्स कंपनीच्या (म्हणजे छापखानेवाले आणि पुस्तकविक्रेते यांची संघटना) वहीत ज्याच्या नावावर नोंद त्याचा, त्यामुळे हस्तलिखित एकदा विकलं की विषय संपला. मग एखाद्या उमरावाला पुस्तक अर्पण करायचं, पानंच्या पानं त्याची स्तुती करायची आणि तो काय देतो त्याची वाट बघायची, नाहीतर नाटकं लिहायची. त्या काळचा मोठा कवी आणि नाटककार जॉन ड्रायडन, त्याने दोन्ही केलं.

मिल्टनचा किस्सा सगळ्यांना माहीत असतो. २७ एप्रिल १६६७ ला सॅम्युअल सिमन्स या मुद्रकाशी 'पॅरडाइज लॉस्ट' या त्याच्या महाकाव्याचा करार झाला, ५ पौंड रोख आणि १३०० प्रती खपल्या की अजून ५, ते दुसरे ५ मिळायला दोन वर्षं गेली. १६७४ ला दुसरी आवृत्ती आली, दहाचे बारा सर्ग झाले, त्याच वर्षी मिल्टन गेला आणि १६८० मधे बायकोने उरलासुरला हक्क ८ पौंडांना देऊन टाकला. लुबाडलं बिचाऱ्याला असं म्हणतात, मला ते तितकंसं पटत नाही, कारण खपाप्रमाणे पैसे असा लेखी करार तेव्हा कोण करत होतं? शिवाय कराराच्या आदल्याच वर्षी, १६६६ ला, लंडनला लागलेल्या मोठ्या आगीत सेंट पॉलजवळच्या विक्रेत्यांचा माल जळून खाक झाला होता.

दरबारी कवींना तर छापणंच कमीपणाचं वाटायचं. कविता हाताने नकलून फिरायच्या. अर्ल ऑफ रोचेस्टर १६८० ला वारला आणि त्याच वर्षी त्याच्या नावावर चोरटी आवृत्ती निघाली, वर ठिकाण छापलं अँटवर्प, पुस्तक लंडनचंच! १६६२ चा छपाईच्या परवान्याचा कायदा मधे काही वर्षं सोडली तर १६९५ पर्यंत होता, पण असल्या पुस्तकांना तो अडवू शकला नाही.

चित्र बदललं जेकब टॉन्सन या प्रकाशकामुळे. 'पॅरडाइज लॉस्ट'चे अर्धे हक्क त्याने १६८३ मधे घेतले, १६८८ ला मोठ्या आकाराची सचित्र आवृत्ती काढली आणि आधीच ५०० च्या वर वर्गणीदार गोळा केले, आपल्याकडच्या प्रकाशनपूर्व सवलतीसारखंच, फक्त सवलत नाही. १६९७ ला ड्रायडनने केलेलं रोमन कवी व्हर्जिलचं भाषांतर याच पद्धतीने आलं. ५ गिनी (तेव्हाचं सोन्याचं नाणं) देणाऱ्या १०१ जणांची नावं आणि कुळचिन्हं एकेका चित्राखाली, २ गिनीवाल्यांची नुसती यादीत. ड्रायडनला यातून हजार पौंडांच्या वर मिळाले असं धरतात.

एक गंमत राहिली. टॉन्सनला हे व्हर्जिलचं पुस्तक राजा विल्यमला अर्पण करायचं होतं. पण ड्रायडन कॅथलिक, नव्या राजाची शपथ घेतली नाही म्हणून राजकवीपद गेलेलं आणि ते मिळालं कोणाला तर त्याने ज्याची टर उडवली त्या शॅडवेलला, त्यामुळे ड्रायडन काही ऐकेना. मग टॉन्सनने पुस्तकात वापरलेल्या जुन्या चित्रांमधल्या ईनियसला (व्हर्जिलच्या महाकाव्याचा नायक) विल्यमसारखं बाकदार नाक दिलं. ड्रायडनने हे आपल्या पोरांना पत्रातून कळवलंय, अर्पणपत्रिका मात्र दुसऱ्याच तीन उमरावांना गेल्या.