पेट्रोलियम साठवणुकीच्या आवारात वाय-फाय अ‍ॅक्सेस पॉइंट बसवण्यासाठी लागणारी मान्यता व कागदपत्रे

पेट्रोल, नाफ्था किंवा एलपीजीच्या टाक्यांजवळ उघड्यावर अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय सिग्नल देणारे यंत्र) बसवायचा असेल, तर खरेदीआधी त्या जागेचा झोन, म्हणजे स्फोटाच्या धोक्यानुसार ठरवलेला विभाग, पाहावा. वाफ किंवा वायू आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण सतत असते तो झोन ०, नेहमीच्या कामकाजात अधूनमधून संभवते तो झोन १ आणि क्वचित, तेही थोडाच वेळ संभवते तो झोन २, अशी विभागणी आयएस ५५७२ या मानकानुसार आखलेल्या नकाशात असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगतच्या खड्ड्यांत आणि केबलच्या चरात साचते; म्हणून यंत्र खांबाच्या टोकाला असले तरी त्याची केबल कोणत्या झोनमधून जाते, हेही तपासावे लागते.

पेट्रोलियम नियम, २००२ नुसार अशा क्षेत्रातील विद्युत उपकरणाला पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ची, मान्यता लागते. तिच्यासाठी अर्ज उत्पादक करतो, आणि उत्पादक परदेशी असल्यास त्याचा भारतातील अधिकृत प्रतिनिधी. अर्जासोबत उपकरणाचे आराखडे, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे चाचणी अहवाल व प्रमाणपत्र, प्रतिनिधीचे अधिकारपत्र आणि शुल्क भरल्याचा पुरावा जोडावा लागतो. वापरकर्त्याने मान्यतापत्राची प्रत विक्रेत्याकडून घ्यावी. मात्र परवानाप्राप्त आवारातील बांधणीत बदल होणार असेल, तर सुधारित नकाशाला आधी मंजुरी घेण्याची जबाबदारी परवानाधारकाचीच असते.

रेडिओ प्रसारणासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेची उपकरण-प्रकार मान्यता (ईटीए) वेगळी लागते. तीही उत्पादक किंवा आयातदार ‘सरल संचार’ पोर्टलवरून मिळवतो.

माल हाती आल्यावर नेमप्लेट आणि प्रमाणपत्र शेजारी ठेवून वाचावे. वायुगट (पेट्रोलच्या वाफेसाठी आयआयए, हायड्रोजनसाठी आयआयसी) आणि तापमानवर्ग (टी४ म्हणजे पृष्ठभाग जास्तीत जास्त १३५ अंश सेल्सिअस) जागेशी जुळले पाहिजेत. प्रमाणपत्र क्रमांकाच्या शेवटी ‘एक्स’ असेल, तर वापराच्या विशेष अटी आहेत असे समजावे आणि त्या पूर्ण वाचाव्यात, कारण अँटेना किंवा केबलची जोडणी यांविषयीची बंधने बहुधा तिथेच लिहिलेली असतात. ज्वालारोधक पेटी (आतल्या स्फोटाची ज्वाला बाहेर जाऊ न देणारी) प्रमाणित असली तरी अँटेनासाठी तिला जागेवर नवे भोक पाडले की ते प्रमाणपत्र त्या पेटीला लागू राहत नाही, ही गोष्ट कंत्राटदाराला लेखी कळवणे मला अत्यावश्यक वाटते. अँटेनाचा ‘गेन’ (सिग्नल एका दिशेने एकवटण्याची क्षमता) धरून प्रसारणशक्तीही मोजली जाते: आयईसी ६००७९-० नुसार सतत प्रसारणासाठी आयआयए गटात ६ वॉट, आयआयबीत ३.५ वॉट आणि आयआयसीत २ वॉट ही मर्यादा आहे.

केबल ग्लँड, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथे तिला घट्ट धरणारे जोड, प्रमाणितच असावेत. पेटीच्या न वापरलेल्या केबल-तोंडांवर कारखान्यातून येताना असलेली प्लास्टिकची टोपी काढून तिथे प्रमाणित प्लग बसवावा, आणि वीज जोडण्यापूर्वी प्राथमिक तपासणी करून तिची नोंद मान्यतापत्रासह आवारातच ठेवावी.