गुळवेलीतील बहुशर्करा

गुळवेल (टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, कुल मेनिस्पर्मेसी) हिच्या खोडातील बहुशर्करा (पॉलिसॅकॅराइडे, म्हणजे अनेक शर्करा जोडून बनलेले मोठे रेणू) दोन रीतींनी वेगळ्या करतात. वैद्यांचे गुळवेलसत्त्व आणि प्रयोगशाळेतील बहुशर्करा-अंश एकच मानले जातात, ते बरोबर नाही.

सत्त्वासाठी बोटाएवढे जाड ताजे खोड साल काढून ठेचतात, चौपट पाण्यात रात्रभर भिजवतात, सकाळी कुसकरून फडक्यातून गाळतात. पाणी न हलवता ठेवले की तळाशी पांढरा साका बसतो. वरचे पाणी निथळून टाकतात व साका वाळवतात. ही पूड चिमटीत करकरते, आयोडीनने निळी होते; म्हणजे ती मुख्यतः स्टार्च होय. थोडा कडवटपणा मागे राहतो. पाण्यात विरघळणाऱ्या बहुशर्करा मात्र बहुतांशी ओतून दिलेल्या पाण्याबरोबर जातात.

चरकसंहितेतील मेध्य (बुद्धिवर्धक) रसायनांत गुळवेलीचा रस सांगितला आहे; सत्त्वाची कृती उत्तरकालीन ग्रंथांतील दिसते. रसशास्त्रात (धातू व खनिजांपासून औषधे करण्याच्या शास्त्रात) अभ्रकासारख्या खनिजातून काढलेल्या धातुरूप अंशालाही ‘सत्त्व’ म्हणतात. शब्द तेथून वनस्पतींकडे आला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रयोगशाळेत वाळलेल्या खोडाच्या पुडीतील मेद व रंगद्रव्ये आधी कार्बनी विद्रावकांनी काढतात. मग गरम पाण्याचा अर्क घेऊन त्यात तिप्पट-चौपट अल्कोहॉल घालतात. बहुशर्करा तंतूंसारख्या खाली बसतात. प्रथिने क्लोरोफॉर्म-ब्युटॅनॉल मिश्रणाने, लहान रेणू अपोहनाने (सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून बाहेर जाऊ देऊन) दूर होतात. गरम पाण्यात स्टार्चही फुगून उतरतो, म्हणून तो नको असल्यास अमायलेज हे स्टार्च तोडणारे विकर वापरावे लागते. पुढे आयन-विनिमय व जेल स्तंभांवरून, म्हणजे विद्युत्भार व आकार यांनुसार, अंश वेगळे करतात.

एकूण शर्करा फिनॉल-सल्फ्युरिक आम्ल पद्धतीने ४९० नॅनोमीटरला मोजतात. घटक शर्करांसाठी आम्लाने जलविच्छेदन करून (साखळ्या तोडून) वायु-वर्णलेखन (गॅस क्रोमॅटोग्राफी) करतात. त्या एकमेकींना कोठे जोडल्या आहेत ते मेथिलीकरणाने (मोकळ्या जागी मेथिल गट जोडून) कळते. या मार्गाने एका अभ्यासात ९८ टक्के ग्लुकोज असलेला ग्लुकॅन (ग्लुकोजची बहुशर्करा) मिळाला, तर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सुमारे २२ लाख रेणुभाराचे ॲरॅबिनोगॅलॅक्टन (ॲरॅबिनोज व गॅलॅक्टोज या शर्करांची बहुशर्करा). हा विरोध नव्हे. अंश वेगळे, पद्धतीही वेगळ्या.

ॲरॅबिनोगॅलॅक्टन बी-पेशींचे (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचे) विभाजन वाढवते, असे प्रयोगांत आढळले. मात्र जीवाणूंचे अंतर्विष (त्यांच्या बाह्य आवरणातील विषारी घटक) नमुन्यात अत्यल्प असले तरी तसाच परिणाम दिसतो. त्यामुळे अंतर्विषाची तपासणी नसलेले निष्कर्ष जपून घ्यावेत.

बाजारातील सत्त्वात बटाट्याचा स्टार्च मिसळला, तर आयोडीन काहीच सांगत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बटाट्याचे मोठे अंडाकृती कण वेगळे ओळखू येतात.