आपसूक उगवणारी फुले : उन्हाळी वाफ्यासाठी माहितीपत्रक

अंगणातल्या चिऱ्यांच्या फटीत सदाफुली उगवते ती कोणी पेरलेली नसते. बी फटीत अडकते, चिऱ्याखाली ओल टिकते आणि झाडू तिथे पोचत नाही. या पाकिटातल्या पाचही जाती अशाच वाढणाऱ्या आहेत: सदाफुली, केशरी कॉसमॉस, बटनफूल, चिनी गुलाब (काहीजण याला 'ऑफिस टाइम' म्हणतात) आणि गुलबक्षी, म्हणजे गोव्यातल्या अनेक घरांतली मेरेंदां. एकदा पेरले की पुढचे बी झाडे स्वतःच टाकतात. आपण फक्त ती फट वाफ्यात करून द्यायची. तेरडा मुद्दाम दिलेला नाही. तो पावसाचा गडी, त्याला मार्चमध्ये जगवण्यात पाणी वाया जाते.

वाफा

दिवसाला किमान सहा तास ऊन हवे. फणसाखाली किंवा दाट माडांखाली ही फुले उंच, लुकडी होतात आणि बी धरत नाहीत. जांभी माती उन्हात विटेसारखी कडक होते, म्हणून 15 सेंमी खोल खणून ढेकळे फोडा. एका चौरस मीटरला चांगले कुजलेले शेणखत एक घमेले पुरे. जास्त घातले तर कॉसमॉस माणसाच्या छातीपर्यंत जाऊन आडवा पडतो आणि फुले कमी देतो. कडेने चिरे लावून वाफा 15 ते 20 सेंमी उंच करा. उन्हाळ्यात याचा उपयोग दिसत नाही, जुलैत दिसतो.

पेरणी

डिसेंबर-जानेवारीत पेरा, म्हणजे मार्चच्या कडक उन्हाआधी मुळे खोल जातात. पाचही जातींना एकाच खोलीवर पेरणे ही नेहमीची चूक. सदाफुलीचे बी अंधारात रुजते, म्हणून अर्धा सेंमी मातीखाली झाका. चिनी गुलाबाला उलट उजेड हवा. त्याची धुळीसारखी बी चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून वर भुरभुरा आणि फळीने दाबा, माती घालू नका. गुलबक्षी रात्रभर भिजवून 2 सेंमी खोल, दोन झाडांत 50 सेंमी अंतर ठेवून. कॉसमॉस आणि बटनफूल जेमतेम झाकले जाईल इतके. कॉसमॉस आठवड्यात वर येतो. सदाफुली आणि बटनफुलाला दोन आठवडे लागू शकतात, तोवर बी वाईट निघाले म्हणून वाफा उकरू नका.

शेजारच्या कोंबड्या हमखास येतात. रोपे बोटभर होईपर्यंत वाफ्यावर काटेरी फांद्या आडव्या टाका. चुडत टाकले तर खाली उजेड पोचत नाही.

पाणी

चार पाने येईपर्यंत रोज सकाळी झारीने. पाइपाची धार सोडली की बी एका कोपऱ्यात वाहून जाते आणि तिथेच रोपांची गर्दी होते. नंतर दर तिसऱ्या दिवशी चौरस मीटरला साधारण 10 लिटर. रोज थोडे-थोडे शिंपडल्यास मुळे वरच्या वर राहतात आणि एप्रिलमध्ये एक दिवस चुकला तरी झाड माना टाकते. बोट दोन पेरे मातीत घालून पाहा. आत ओल लागली तर पाणी नको. सदाफुलीची खालची पाने पिवळी पडली तर बहुतेकदा पाणी जास्त झालेले असते. लोक ती तहान समजून आणखी घालतात.

बी पडू द्या

इथे खरे तर हात आवरायचा असतो. सुकलेली फुले खुडली, वाफा रोज झाडला, वर नारळाच्या सोडणांचा जाड थर दिला तर स्वतः उगवणारे काही उरत नाही. फेब्रुवारीपर्यंत सुकलेली फुले खुडा, झाड भरगच्च होईल. त्यानंतर निम्मी झाडावरच ठेवा. मातीवर बारीक खडीचा एक बोट थर द्या, बी तिच्या सांदीत उतरते.

सदाफुलीच्या शेंगा जोडीने उभ्या येतात, पिवळट झाल्या की एका बाजूने उकलून काळे दाणे सांडतात. चिनी गुलाबाचे बोंड पाहण्यासारखे: पिकले की कुंकवाच्या करंड्यासारखे वरचे झाकण निघते आणि आत राखाडी चमकीची बी असते. बटनफूल महिनाभर रंग धरून राहते. खालचा भाग गवती झाला की बी तयार, बोटांनी चुरडायचे.

दुहेरी पाकळ्यांच्या झाडाच्या बियांतून काही एकेरी फुलांची झाडे निघतात. त्यात दोष कोणाचा नाही.

काय बिघडते

रोप जमिनीलगत काळे पडून आडवे झाले तर दाटी आणि ओल जास्त आहे. विरळणी करा, संध्याकाळचे पाणी बंद करा. मुंग्या बी नेतात, म्हणून थोडे जास्त पेरा. कोरड्या दिवसांत पांढरा पिठ्या ढेकूण शेंड्यांवर बसतो. लिटरभर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, ऊन उतरल्यावर, आठ दिवसांच्या अंतराने दोनदा. गुलबक्षीची बी आणि मुळे विषारी आहेत, बी मिऱ्यासारखी दिसते म्हणून लहान मुलांपासून जपा. सदाफुलीपासून कर्करोगावरची औषधे बनतात हे खरे, पण साखरेसाठी तिची पाने चावणे घातक आहे.

मिरगाआधी

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिमी पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मेच्या वळवाने उगवलेली बरीच रोपे जुलैत सडतात. गुलबक्षी कंदातून परत फुटते, बटनफूल तग धरते, चिनी गुलाब मात्र कुजतोच. म्हणून मेच्या मध्यापर्यंत प्रत्येक जातीची मूठभर बी काढा, सावलीत आठवडाभर वाळवा, कागदी पुड्यांत घालून कोरड्या बरणीत, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, सामानाशेजारी ठेवा. वळवाच्या रोपांपैकी चार-पाच कुंडीत लावून वळचणीच्या आत ठेवा, तिथे पागोळ्या लागत नाहीत.

दिवाळीनंतर वाफसा आला की पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पंधरा दिवस ठेवा. चिनी गुलाबाच्या तेवढ्या ओल्या कागदावर उघड्या. सहाहून कमी रुजल्या तर दुप्पट पेरा.