राणीछाप रुपया : जुना म्हणून महाग?

'जुना चांदीचा रुपया म्हणजे शुद्ध चांदी, आणि जितका जुना तितका महाग' हा समज अजून फिरतोच आहे. दोन्ही भाग चुकीचे आहेत.

व्हिक्टोरिया, एडवर्ड सातवा आणि पंचम जॉर्ज यांचे रुपये ११.६६ ग्रॅमचे, म्हणजे एक तोळ्याचे. त्यांत चांदी ९१.७ टक्के, म्हणजे जेमतेम १०.७ ग्रॅम. १९४० पासून सरकारने चांदी ५० टक्क्यांवर आणली. त्या नाण्यात ५.८३ ग्रॅमच उरते. १९४७ चा वाघछाप रुपया तर निकेलचा. लोहचुंबक लावून पाहा, चिकटेल. तोही चांदीचा म्हणून विकला जातो!

गुंतवणूकच करायची तर हिशेब सरळ आहे: नाणे ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला, ०.९१७ ने (१९४० पासूनचे असेल तर ०.५ ने) गुणा, त्या दिवसाच्या चांदीच्या दराशी ताडा. हातोहात फिरून झिजलेले नाणे कमी भरते. चांदीच्या या किमतीहून जास्त पैसे मोजलेत तर ते चांदीचे नव्हेत, दुर्मिळतेचे. आणि दुर्मिळता वयावर नव्हे, साल, टांकसाळ आणि अवस्था यांवर ठरते. १८६२ सालचे रुपये अमाप पाडले गेले, म्हणून सहज मिळतात; १९३९ चा त्यांच्यापेक्षा कितीतरी 'तरुण' असूनही संग्राहक त्याच्या मागे असतात. अर्थात म्हणूनच त्याच्या नकलाही निघतात.

सगळ्यात मोठे नुकसान घरातच होते. चिंच, राख किंवा पॉलिशने घासलेल्या नाण्यावर बारीक ओरखडे उठतात, मूळ झळाळी जाते. दागिन्यासाठी कडी डागलेली असेल तर ती काढल्यावरही व्रण राहतो. अशा नाण्याला मग बहुधा मोडीचाच भाव.