शापाची बातमी, बातमीचा सिनेमा

१९३२चा भयपट ‘द ममी’ आज पुन्हा पाहताना ममी झालेल्या बोरिस कार्लॉफच्या डोळ्यांचं कौतुक होतं, ते रास्तच आहे. पण या सिनेमाचं मूळ शोधायचं तर त्याआधीची दहा वर्षं चाळावी लागतात, तीही वर्तमानपत्रांची.

नोव्हेंबर १९२२मध्ये पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला इजिप्तचा प्राचीन राजा, म्हणजे फेरो, तुतनखामून याची कबर सापडली. मोहिमेचा खर्च उचलणाऱ्या लॉर्ड कार्नार्व्हनने बातम्यांचे हक्क लंडनच्या ‘टाइम्स’ला विकले आणि बाकीचे वार्ताहर हात चोळत बसले. एप्रिल १९२३मध्ये कार्नार्व्हन कैरोत वारला. डास चावलेल्या जागी दाढीचा वस्तरा लागला, जखम चिघळली, त्यात न्यूमोनिया. बातमीसाठी वखवखलेल्या पत्रांना आयतंच घबाड मिळालं: फेरोचा शाप! कबरीत शापाचा लेख कधी सापडला नाही, खुद्द कार्टर १९३९पर्यंत जगला. पण असल्या तपशिलांचे मथळे होत नाहीत.

कबरीच्या बातम्या देणाऱ्यांत जॉन बाल्डरस्टन होता. पुढे युनिव्हर्सल या हॉलिवूडच्या स्टुडिओने त्याच्याकडे शतकानुशतकं जगणाऱ्या कॅग्लिओस्ट्रो या जादूगाराची गोष्ट सोपवली. त्याने ती उचलून थेट इजिप्तमध्ये नेली. नायिकेच्या पूर्वजन्माला नाव दिलं तुतनखामूनच्या राणीचं, अंखेसेनामून. तिच्या प्रियकराला, म्हणजे सिनेमातल्या ममीला, सक्काराचा पायऱ्यांचा पिरॅमिड बांधणाऱ्या इम्होतेपचं. खऱ्या इतिहासात या दोघांत हजाराहून जास्त वर्षांचं अंतर! सांगाडा मात्र युनिव्हर्सलच्याच १९३१च्या ‘ड्रॅक्युला’ सिनेमाचा: संमोहन करणारा परका, झपाटलेली तरुणी, जाणता म्हातारा. त्या म्हाताऱ्याच्या भूमिकेत नटही तोच, एडवर्ड व्हॅन स्लोन. दिग्दर्शक कार्ल फ्रॉइंड तर ‘ड्रॅक्युला’चा छायालेखक.

पट्ट्यांमधली ममी दिसते ती फक्त सुरुवातीला. त्या रूपासाठी रंगभूषाकार जॅक पिअर्सने कार्लॉफला सुमारे आठ तास रंगवलं. पडद्यावर येतं काय? तरुण सहायक पुटपुटत गुंडाळी वाचतो, मागे ममीचे डोळे किलकिले होतात, हात खाली सरकतो. मग टेबलावरच्या गुंडाळीवर तो हात पडतो आणि दारातून पट्ट्यांची टोकं फरफटत बाहेर जातात. ममी चालताना दिसतच नाही. वेड लागलेल्या पोराचं हसू तेवढं ऐकू येतं. माझ्या मते भयपटांत याच्या तोडीचं फार थोडं आहे.

पाय फरफटत गळा दाबायला येणारी मुकी ममी नंतरची, १९४०च्या ‘द ममीज हँड’मधली खारिस. तिच्या पूर्वकथेसाठी युनिव्हर्सलने १९३२च्याच सिनेमातली दृश्यं काटकसरीने पुन्हा वापरली.